कॅम्पवर पाठवलेलं गाईड

माझी नात एका कंपनीत नोकरीला आहे. मोठी कामं वेळेत कशी पुरी करायची, माणसं आणि सामान कधी कुठे हवं, याचं आता वेगळं शास्त्र झालं आहे आणि त्याची सर्टिफिकेटची परीक्षा असते. ती देण्यासाठी तिने दोन गाईडं मागवली. दोन्ही माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही जन्मभर प्लॅनिंगमध्ये होतात. यातलं एक मला परत करायचंय. कोणतं ठेवू?"

मी दोन्ही हातात घेतली. एक जाड होतं, एक पातळ. "तुझं तू बघ," असं म्हणून मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. तिला वाटलं, आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही. खरं कारण ठाऊक असलेलं आमच्या घरात आता कुणी नाही. माझ्या बायकोला ठाऊक होतं, तीही गेली. म्हणून लिहून ठेवतो आहे.

साठचं दशक संपत आलं होतं. मी सरकारी बांधकामाच्या खात्यात ओव्हरसियर होतो आणि नागपूरच्या ऑफिसात, प्लॅनिंगच्या शाखेत, तात्पुरता बसत होतो. गांधीबागेच्या मागे दोन खोल्या भाड्याने होत्या. सकाळी सायकलवर टांग टाकायची, कापडाच्या गाठी वाहणाऱ्या हातगाड्यांमधून वाट काढत सिव्हिल लाइन्सला पोचायचं. मला ते आयुष्य आवडत होतं. त्या खात्यात निम्मी नोकरी जंगलातल्या कॅम्पवर जाते आणि मला कॅम्पवर जायचं नव्हतं.

माझा मित्र कॅम्पवर होता. वर्ध्याकडच्या शेतकरी घरातला, माझ्याआधी दीड वर्ष नोकरीला लागलेला. आम्ही पहिल्या पोस्टिंगवर एका तंबूत राहिलो होतो. त्यानंतर मी कुणाला तरी सांगून नागपूर मिळवलं. त्याच्यासाठी सांगणारं कुणी नव्हतं. तो चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, बाजूला एका धरणाच्या कामावर होता, एसटीने अख्खा दिवस लागायचा. बायको, दोन मुलं तिथेच, पत्र्याच्या क्वार्टरमध्ये. मोठा मुलगा शेजारच्या गावातल्या शाळेत जायचा. धाकटी मुलगी सहा वर्षांची होती आणि तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

एकदा दोघं नवराबायको तिला घेऊन आमच्याकडे आले होते. नागपुरात मूकबधिर मुलांची शाळा होती, तिथे दाखवायला. मीच त्यांना सायकल-रिक्षाने घेऊन गेलो. तिथल्या मोठ्या बाईंनी मुलीला समोर बसवून तासभर पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे. पण आत्ताच आणा. सात-आठच्या पुढे गेली की मग भाषा धरत नाही. शिवण शिकेल, काम शिकेल, भाषा नाही." शाळेचं वसतिगृह फक्त मुलग्यांसाठी होतं. मुलीला शिकवायचं तर घर नागपुरात हवं, आणि एका ओव्हरसियरच्या पगारात दोन बिऱ्हाडं होत नव्हती.

परतताना रिक्षात तो म्हणाला, "आता परीक्षा पास झाल्याबिगर इलाज नाही गा."

परीक्षा म्हणजे आमची खात्याची परीक्षा. ती पास झालेल्या ओव्हरसियरला वरची जागा मिळायची. नागपूरच्या प्लॅनिंग शाखेत अशी एक जागा त्या वर्षी रिकामी होणार होती. एकच. परीक्षेला जन्मात तीन वेळा बसता यायचं. त्याच्या दोन संधी गेल्या होत्या. एकदा कॅम्पवर पूर आला म्हणून सुट्टी मिळाली नाही, एकदा एका पेपरात थोडक्यात राहिला. ही तिसरी होती. माझी पहिलीच.

एकाच वर्षी दोघं पास झाले तर जागा आधी लागलेल्याला, असा नियम होता. म्हणजे त्याला. आणि तो नागपूरला आला की माझी तात्पुरती खुर्ची जाणार आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या क्वार्टरमध्ये मी जाणार, हे उघड होतं. ऑफिसात लोक थट्टाही करायचे. आमचा हेडक्लार्क म्हणायचा, "अभ्यास जपून करा हो. दोघंही पास झालात तर तुम्हाला मच्छरदाणी घ्यावी लागेल." मीही हसायचो.

त्या वर्षी परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला. नियोजनाच्या पेपरात तोवर पट्ट्यांचे तक्ते असायचे. कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार, याच्या आडव्या पट्ट्या. आता त्यात नवी पद्धत आली होती. गोल काढायचे, गोलांना बाणांनी जोडायचं, आणि कोणतं काम एक दिवस लांबलं तर सगळंच काम लांबेल ते शोधून काढायचं. परिपत्रक आमच्या टेबलावर आधी आलं. कॅम्पवरची प्रत सायकलोस्टाइल होऊन, सह्या होऊन, टपालाने कधी जाईल ते सांगता येत नव्हतं. ती परीक्षेनंतर पोचली, असं मला पुढे कळलं. टपाल माझ्या हातात नव्हतं. पण एक पत्र मी लिहू शकलो असतो.

त्याच आठवड्यात त्याचं पत्र आलं. मराठीत, त्याच्या तिरक्या अक्षरात: "तू सोताले जे गाईड घेशील तेच मलेही घे. माह्यापेक्षा तुले जास्त समजते. अन् पास झालेल्या कोणाचं भेटलं तर मंग पाहायलेच नको."

हे शेवटचं वाक्य समजावून सांगायला हवं. आमच्या खात्यात पास झालेल्या माणसाच्या गाईडला फार मान होता. नव्या कोऱ्या गाईडपेक्षा लोक ते शोधायचे. पास झालेल्याने त्यात लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या असायच्या, कोणता प्रश्न कोणत्या साली आला ते लिहिलेलं असायचं. तो ते दुसऱ्याला देताना पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं लावून द्यायचा, घेणारा नारळ ठेवायचा. शिकलेसवरलेले इंजिनियरसुद्धा हे करायचे. पास झालेल्याचा हात लागलेलं गाईड फळतं म्हणायचे.

त्या शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस झाल्यावर मी बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. एका गल्लीत पुस्तकांचं दुकान होतं. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखून बोलणारा, निम्मं हिंदी, निम्मं मराठी. मी परीक्षेचं नाव सांगताच त्याने दोन गाईडं काउंटरवर टाकली. जाड ते जुनंच, सगळ्यांच्या ओळखीचं. पातळ ते नवं, पिवळ्या पुठ्ठ्याचं, कुणा प्राध्यापकाने नव्या पद्धतीवर लिहिलेलं.

"पढना है के पास होना है साहेब?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"पढना असेल तर हे जाडं घ्या. तीन महिने पुरते. पास होना असेल तर हे. पूरा नया कोर्स इसमें आहे."

मी पिवळं उघडून पाहिलं. पहिल्याच पानावर गोल आणि बाण होते. परिपत्रकात होतं ते सगळं होतं. मी म्हणालो, "दोन द्या. एक दोस्ताला." त्याने मागून दुसरी प्रत काढून ठेवली. दोन्ही एकावर एक होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. मागून एका विद्यार्थ्याने "सरका ना काका" म्हटलं, एवढं आठवतं. मग मी वरची प्रत उचलली आणि खालची त्याच्याकडे सरकवली.

"काहून, दोस्त का नहीं चाहिए?"

"त्याच्याकडे आहे," मी म्हणालो.

सोमवारी मी आमच्या शाखेतल्या एका साहेबांकडे गेलो. ते तीन वर्षांपूर्वी पास झाले होते. त्यांनी आपलं जाड गाईड मोठ्या प्रेमाने काढून दिलं, बोटं लावून. मी ते खाकी कागदात बांधून रजिस्टर्ड पोस्टाने कॅम्पवर पाठवलं. सोबत चिठ्ठी लिहिली: "पास झालेल्या माणसाचं मिळालं. लाल खुणांकडे नीट लक्ष दे." अभ्यासक्रम बदलल्याचं लिहिलं नाही. मी काय घेतलं तेही लिहिलं नाही. स्वतःला सांगितलं, त्याने मागितलं तेच पाठवलं आहे. त्याच्या पत्रातलं शेवटचं वाक्य धरलं आणि पहिलं सोडून दिलं.

परीक्षेच्या तीन दिवस आधी तो आमच्याकडे उतरला. कॅम्पवरची माणसं परीक्षेला आली की नागपूरवाल्याकडेच उतरायची. येताना त्याने चिन्नोर तांदळाची पिशवी आणली होती. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, याले भात चारा, म्हणजे झोपा काढील अन् मी पुढं जाईन." मग पिशवीतून जाड गाईड काढलं. त्याने त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. पानापानावर लाल खुणांच्या शेजारी आता त्याच्या निळ्या खुणा होत्या. तीन महिने त्याने ते पाठ केलं होतं. सांगत होता, "जेवता जेवता मी उत्तर म्हणतो अन् बायको पुस्तक धरून बसते. तिले इंग्रजी येत नाही, तरी मी अडखळलो का तिले कळते. म्हणते, आता थांबले तुम्ही. पोरगी पट्ट्यांचे चित्र बोटानं मोजत राहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मलाच शिकवायला बसला. माझ्या मुलाची पाटी घेतली आणि तक्ता काढून दाखवला. फार छान समजावून सांगत होता. मी मान डोलवत होतो. पिवळं गाईड तेव्हा आतल्या ट्रंकेत, बायकोच्या साड्यांखाली होतं.

तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली आणि सहज म्हणाली, "अहो, ते तुमचं पिवळं पुस्तक कुठे गेलं? रोज घेऊन बसायचात ते. भावजींना दाखवा की."

"ते ऑफिसचं होतं. परत केलं," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. ट्रंक तीच रोज उघडायची.

"कोणतं पुस्तक गा?" त्याने विचारलं.

"काही नाही, असंच. परीक्षेचं नव्हतं."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला आणि पुन्हा पाटीकडे वळला.

मला पुष्कळदा वाटतं, तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. दोन दिवस हातात होते. तो हुशार होता, माझ्यापेक्षा पक्का. गोल आणि बाण त्याला एका दुपारी आले असते. उठून ट्रंक उघडायची, एवढंच काम होतं.

नियोजनाच्या पेपरात पहिलाच प्रश्न नव्या पद्धतीचा होता आणि तो सक्तीचा होता. मी तो वीस मिनिटांत सोडवला. वर पाहिलं तर तो दोन बाकं पुढे बसलेला, पेन हातात, मान खाली. बराच वेळ त्याचा हात हलला नाही. मग पट्टी घेऊन त्याने रेघा मारायला सुरुवात केली. त्या गोलांच्या प्रश्नाला त्याने पट्ट्यांचा तक्ता काढून उत्तर दिलं होतं. ते त्यानेच मला नंतर सांगितलं, परीक्षेच्या हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर बसून.

"गोल अन् बाण होते गा. हे कोणत्या पुस्तकात असते?"

"मलाही कुठे आलं," मी म्हणालो.

"लाल खुणा तर सगळ्या केल्या होत्या मी." मग म्हणाला, "पुस्तक चांगलं होतं तुह्यं. मीच कच्चा."

निकाल आला. मी पास झालो. तो त्या एका पेपरात गेला. नागपूरची जागा मला मिळाली. त्याने कॅम्पवरून पेढ्यांसाठी पाच रुपयांची मनिऑर्डर पाठवली आणि खाली लिहिलं, "माह्याकडून वहिनीले."

त्याने बदलीचे अर्ज केले. ते आमच्याच ऑफिसात यायचे आणि 'जागा नाही' असा शेरा मारून परत जायचे. त्यातले दोन माझ्या टेबलावरून गेले. एका संध्याकाळी माझी बायको म्हणाली, "त्यांच्या पोरीला आपण ठेवून घेऊ. शाळेत मी नेऊन सोडीन." मी म्हणालो, जागा कुठे आहे. तिने खोलीभर नजर फिरवली. जागा होती. पण ती मुलगी रोज माझ्यासमोर जेवायला बसली असती आणि ते मला झेपलं नसतं. बायको पुन्हा त्या विषयावर बोलली नाही, ना गाईडाच्या. पुढे चाळीस वर्षं आम्ही बरा संसार केला, पण कुणाच्या परीक्षेचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

तो ओव्हरसियरच राहिला. तीन धरणं त्याच्या हाताखालून गेली. रिटायर व्हायला थोडं राहिलं असताना, ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, कामावरच हृदय बंद पडून गेला. मी तेरवीला गेलो होतो. तिथे वहिनी चार लोकांसमोर म्हणाल्या, "हे त्याइचे दोस्त. परीक्षेसाठी पुस्तक पाठवलं होतं यायनं. एवढं कोण करते." लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी पत्रावळीकडे बघत राहिलो.

मी रिटायर झालो त्या वर्षी वहिनी आणि मुलगी नागपुरात राहायला आल्या. मुलगा लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत हिशेबनीस होता आणि वखारीलाच लागून त्यांचं घर होतं. मला हे कळल्यावर मी दोन महिने टाळलं. मग एका सकाळी गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो.

वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मुलगी बाजूला कपडे वाळत घालत होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची झाली होती, तोंडावळा थेट बापाचा. शेजारी वखारीतलं लाकूड कापायचं आरा-मशीन चालू झालं की काही ऐकू येत नसे, बंद झालं की एकदम शांत. मुलीला या दोन्हीत काही फरक नव्हता. ती आपली कपडे झटकत होती.

मी बोलायला सुरुवात केली. निम्म्यात मशीन चालू झालं. वहिनी म्हणाल्या, "जोरात सांगा भावजी, आरा चालू हाय."

मग मी जोरात सांगितलं. दोन गाईडं होती. एक नवं होतं. मी नवं घेतलं आणि त्याला जुनं पाठवलं. मला माहीत होतं. हे शब्द मी मनात शेकडो वेळा हळू आवाजात म्हटले होते. ते असे ओरडून सांगावे लागतील, हे कधी वाटलं नव्हतं. पलीकडे वखारीतला एक माणूस मान वळवून पाहू लागला.

मशीन बंद झालं. वहिनींचे हात सुपात थांबले होते.

"त्याइले ठाऊक होतं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग बरं झालं. नाही तर दोस्तही गेला असता." त्यांनी दोन-तीन खडे वेचून टाकले. मग म्हणाल्या, "मले सांगून काय होते आता? मी तर भाकरी भाजत होतो, तिथंही अन् इथंही. गेलं ते तिचं गेलं. तिले सांगा."

मी मुलीकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघते आहे हे पाहून ती जवळ आली. वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, म्हणजे ओळखलंस का. मुलीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसली. मग दोन्ही तळहात जोडून पुस्तकासारखे उघडले.

"बापानं शिकवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तुमची खूण हाय ते. नाव कसं सांगावं तिले, म्हणून."

शाळेतल्या बाईंनी म्हटलं होतं तसंच झालं होतं. वहिनी सांगत होत्या, घरातल्या पन्नास-साठ खुणा तिला येतात. भात, पाणी, गाय, ताप, भाऊ, देव. लिहिता येत नाही. सही म्हणून अंगठा. मी तिच्यासमोर उभा होतो. दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन. मग पुस्तकाची खूण केली. मग एक हात माझ्या छातीवर ठेवला आणि दुसऱ्याने लांब, रस्त्याकडे दाखवलं. तिने रस्त्याकडे पाहिलं. तिथे एक टेम्पो उभा होता. तिने परत माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, समजलं नाही अशी. मी पुन्हा केलं. मग तिने आईकडे पाहिलं.

वहिनींनी तिला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तरी 'जाणूनबुजून' याची खूण त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी फक्त चहा ठेवण्याची खूण केली. मुलगी आत गेली आणि माझ्यासाठी कपबशी धुऊन, पुसून, चहा घेऊन आली. मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. रिकामा कप माझ्या हातातून घेताना पुन्हा ती पुस्तकाची खूण करून हसली.

मी उठलो. वहिनी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, "येतो वहिनी." त्यावर "या" म्हणायची आपल्याकडे रीत आहे, वैऱ्यालाही म्हणतात. मी फाटकाशी थोडा थांबलो. मशीन बंद होतं, त्यामुळे त्यांनी म्हटलं असतं तर मला ऐकू आलं असतं.